तांत, पोलाद आणि पर्लॉन

आपल्यापैकी बऱ्याच घरांत मूल चौथी-पाचवीत गेले की शाळेतून एक कागद येतो. ऑर्केस्ट्रात कोणते वाद्य घेणार, त्यावर खूण करायची असते. ट्रम्पेट नको, शेजारी आहेत. चेलो नको, गाडीत मावत नाही. मग व्हायोलिनवर खूण होते आणि महिन्याच्या भाड्याने वाद्य घरी येते. पहिले सहा महिने कौतुकात जातात, आणि एका संध्याकाळी ठणकन आवाज होऊन सर्वांत बारीक तार तुटते. दुकानात गेल्यावर काउंटरवरचा माणूस शांतपणे विचारतो, "गट, स्टील की सिंथेटिक?" चार तारांचा संच वीस-पंचवीस डॉलरलाही मिळतो आणि दीडशेलाही. आपण दोन मिनिटे विचारात पडल्यासारखे करतो आणि स्वस्तातला घेऊन घरी येतो.

त्या माणसाच्या तीन शब्दांमागे मोठा इतिहास आहे. त्यातला बराचसा याच देशात घडला, आणि तोही आपल्यासारखी गाव सोडून आलेल्या कुटुंबांच्या हातून. तो ठाऊक असला की तार निवडणे सोपे जाते. मूल जेव्हा म्हणते, "आई, माझे व्हायोलिन रडतेय," तेव्हा दोष मुलाचा, वाद्याचा की दोन वर्षे न बदललेल्या तारेचा, हे ओळखता येते. केवळ शिळ्या तारांपायी मुलांनी वाद्य सोडल्याचे मी पाहिले आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गट म्हणजे आतडे. आपल्या मराठीत त्याला सुरेख जुना शब्द आहे: तांत. गादीचा कापूस पिंजायला दारावर येणारा पिंजारी आठवतो का? त्याच्या त्या भल्यामोठ्या धनुष्याला जी दोरी असे ती तांत. सारंगीच्या तीन मुख्य तारा तांतीच्याच. इंग्रजीत तिला कॅटगट म्हणतात, पण मांजराचा तिच्याशी काही संबंध नाही. मेंढीचे, त्यातही कोवळ्या कोकराचे, लहान आतडे घ्यायचे, खरवडून स्वच्छ करायचे, क्षाराच्या पाण्यात भिजवायचे, उभे चिरून फिती काढायच्या, ओल्या असतानाच त्यांना पीळ द्यायचा आणि ताणून वाळवायचे. मग घासून गुळगुळीत करायचे. आपल्यातल्या डॉक्टर मंडळींना कॅटगट टाके घालायचा दोरा म्हणून माहीत आहे. तोच हा माल. एकाच धंद्यातला एक दोरा शस्त्रक्रियेला जाई आणि दुसरा संगीताला.

व्हायोलिनच्या चारही तारा आरंभी अशा निव्वळ तांतीच्या असत. अडचण खालच्या जी तारेची होती. खर्जाच्या स्वरासाठी तार जड हवी, जड करायला जाड केली की ती बोलेनाशी होते. यावर सतराव्या शतकात तोड निघाली: तांतीभोवती धातूची बारीक तार गुंडाळायची, म्हणजे जाडी फार न वाढता वजन वाढते. लंडनच्या जॉन प्लेफर्डने १६६४ साली अशा तारांची जाहिरात आपल्या संगीताच्या पुस्तकात छापली होती. आजच्या महागड्या संचातली चांदी गुंडाळलेली जी तार तत्त्वतः तीच आहे.

इथे शाकाहारी घरांतून प्रश्न येतोच, तेव्हा आधीच सांगून टाकतो. शाळेच्या किंवा भाड्याच्या व्हायोलिनवर आज तांत जवळजवळ नसतेच. पोलादाच्या आणि सिंथेटिक तारांत आतडे नाही. पाकिटावर 'गट कोअर' लिहिले असेल तरच आहे. पिराश्ट्रो कंपनीची 'युडोक्सा' ही त्यातली प्रसिद्ध जात. मात्र गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात आणि व्हायोलिनच्या फळ्या परंपरेने जनावराच्या सरसाने चिकटवतात. रेघ कुठे ओढायची ते ज्याचे त्याने ठरवावे. तंबोऱ्याच्या हस्तिदंती मण्यांना आपल्या आजोबांनी कधी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

आता गावाकडे वळू. इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात साल्ले नावाचे एक लहान डोंगरी गाव आहे. आजूबाजूला मेंढपाळी, आणि गावातल्या अनेक घराण्यांचा पिढीजात धंदा तांत पिळण्याचा. १६८० च्या एका बाप्तिस्म्याच्या नोंदीत डॅडारिओ आडनावाच्या माणसापुढे 'कोर्दारो', म्हणजे तारा करणारा, असा धंदा लिहिलेला आहे. आपल्याकडे सोनार, तांबट, कासार जसे धंद्यावरून ओळखले जात तसेच. मिरजेच्या तंतुवाद्य करणाऱ्या गल्लीतून कधी गेला असाल, तर एकाच धंद्यावर उभी असलेली घरे कशी दिसतात ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

साल्लेहून रोक्को आणि कार्मिनो डॅडारिओ १९०५ साली न्यूयॉर्कला आले आणि क्वीन्समधल्या अस्टोरियात राहिले. सुरुवातीला ते गावाकडच्या नातलगांनी केलेल्या तारा मागवून इथल्या वादकांना विकत. हे वाचताना मला आपल्याकडचे पहिले किराणा दुकानदार आठवतात. पिशवीत गावाकडचा माल, आणि गिऱ्हाईक ओळखीतून ओळखीत वाढत जाणार. त्याच साल्लेची मारी घराण्यातली मंडळीही न्यूयॉर्कला आली. त्यांच्या 'ला बेला' तारा गिटारवाल्यांना ठाऊक असतील.

पुढे पहिले महायुद्ध आले आणि मागवून विकण्याचा धंदाच अडचणीत आला. तोवर अमेरिकेतल्या तारा मुख्यतः इटली आणि जर्मनीतून येत. जर्मनीतल्या मार्कनॉयकिर्शेन या लहानशा गावातून इतकी वाद्ये आणि तारा इकडे येत, की तेवढ्या व्यापारासाठी अमेरिकेने त्या गावात आपला वाणिज्य दूत ठेवला होता. युद्धाने ही वाट अडवली. शिवाय जखमी सैनिकांच्या टाक्यांना तांत हवी होती, मग व्हायोलिनला कोण विचारतो? अशा वेळी शिकागोचा आर्मर हा मांसाचा बडा कारखाना उपयोगी पडला. कत्तलखान्यात आतड्यांना तोटा नव्हता, आणि तो वाद्यांच्या ताराही करून विकत असे. अस्टोरियात कार्मिनोनेही, ज्याला इथे चार्ल्स म्हणू लागले होते, १९१८ च्या सुमारास घरामागच्या छोट्या जागेत स्वतः तारा करायला घेतल्या. कोकराची आतडी भिजवून पिळण्याचा हा उद्योग क्वीन्समधल्या शेजाऱ्यांना कसा वाटला असेल याची कल्पनाच केलेली बरी. आपल्या फोडणीच्या वासावरून तक्रार येते तेव्हा हे आठवावे.

तिकडे मिशिगनमध्ये बॅटल क्रीक गावात व्हिक्टर स्क्वायर नावाचा व्हायोलिन करणारा माणूस होता. वडील इंग्लंडहून आलेले, तेही व्हायोलिन करणारे. व्हिक्टरने १८९० साली बॅटल क्रीकला दुकान काढले आणि पुढे तारांमध्ये नाव कमावले. बॅटल क्रीक आपल्याला दुसऱ्याच कारणाने माहीत असायला हवे: ज्यांचा आपण दिवाळीत चिवडा करतो ते केलॉगचे कॉर्नफ्लेक्स १९०६ पासून तिथलेच. स्क्वायरची कंपनी १९६५ साली फेंडर या गिटार कंपनीने विकत घेतली, आणि १९८२ पासून ते नाव स्वस्त इलेक्ट्रिक गिटारवर येऊ लागले. तेव्हा थोरल्याच्या खोलीत 'स्क्वायर' लिहिलेली गिटार दणदणत असेल, तर ते नाव मुळात एका व्हायोलिनवाल्याचे आहे हे त्याला जरूर सांगा.

तांतीच्या टंचाईने दुसऱ्या शब्दाला, म्हणजे स्टीलला, दार उघडून दिले. सर्वांत बारीक ई तार तांतीची असली की फार तुटे. मैफलीत तुटणे हे नेहमीचेच होते. पोलादाची साधी तार तुटत कमी आणि दमट हवेत उतरतही नाही. आवाज जरा कडक, म्हणून जुन्या वादकांनी नाके मुरडली. पण युद्धकाळात पर्याय उरला नाही, आणि युद्ध संपल्यावर परत तांतीकडे जाणारे थोडेच निघाले. कार्ल फ्लेश हा मोठा शिक्षक. त्याने १९२३ च्या आपल्या ग्रंथात पोलादी ई तारेची बाजू घेतली. पुढे तो काही वर्षे फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतही होता. यहूदी निर्वासित कुटुंबातला याशा हायफेट्स, ज्याने १९१७ मध्ये कार्नेगी हॉलला पहिल्याच मैफलीत न्यूयॉर्क जिंकले, तो आयुष्यभर मिश्र संसार करत राहिला: ई तार पोलादाची, ए आणि डी निव्वळ तांतीच्या, आणि जी चांदी गुंडाळलेल्या तांतीची. एका घरात तीन चालीरीती.

पोलाद टिकले ते मात्र मैफलीपेक्षा शाळेमुळे. बोस्टनच्या सार्वजनिक शाळांत १९११ च्या सुमारास वर्गात एकत्र व्हायोलिन शिकवायला सुरुवात झाली आणि ती प्रथा देशभर पसरली. तीस मुलांच्या वर्गात तीस व्हायोलिने सुरात लावायची तर रोज उतरणारी तांत कशी परवडणार? पोलादी तारेला टेलपीसजवळ एक छोटा स्क्रू बसवता येतो, खुंटीला हात न लावता सूर चढवता-उतरवता येतो. तंबोऱ्याचा मणी जे काम करतो तेच. मग १९६४ मध्ये जपानचे शिनिची सुझुकी दहा मुलांना घेऊन अमेरिकेत आले. फिलाडेल्फियाच्या संगीत शिक्षकांच्या अधिवेशनात त्या चिमुरड्यांनी एकत्र वाजवलेले ऐकून शिक्षक थक्क झाले. सुझुकींच्या पद्धतीने चार-पाच वर्षांची मुले छोट्या मापाच्या व्हायोलिनवर वाजवू लागली, आणि इतक्या आखूड मापावर पोलादी तार सहसा अधिक स्पष्ट बोलते.

त्याच्या पुढच्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९६५ ला, प्रेसिडेंट जॉन्सननी इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली आणि आपल्या लोकांसाठी हे दार उघडले. त्याच १९६५ साली मूळचे गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज विद्यापीठात आले. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले ते नामांकित संगीतकार आणि प्यारेलालचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात जे नाव आपण सगळे ओरडतो ते लक्ष्मीकांत-प्यारेलालनी या गुरूच्या सन्मानार्थ घातले. पुढे ते शांतपणे गोव्यात परतले आणि २०१२ मध्ये वारले. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावर हिंदी गाण्यातून पडलेले व्हायोलिन अशाच गोव्याच्या वादकांच्या हातचे होते.

तिसरा शब्द, सिंथेटिक, हा युद्धानंतरचा. ड्यूपाँने काढलेले नायलॉन आधी स्त्रियांच्या मोज्यांत आणि मग पॅराशूटात गेले. युद्ध संपल्यावर ते तारा करणाऱ्यांच्या हाती आले. चार्ल्स डॅडारिओने ते गिटारसाठी वापरून पाहिले. आतडी पिळणाऱ्या घराण्याचा माणूस नायलॉन हातात घेतो, हा क्षण मला मोठा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या धंदा ज्या वस्तूवर चालला ती वस्तूच सोडायची आणि धंदा मात्र ठेवायचा. लाँग आयलंडवरच्या फार्मिंगडेलमधल्या त्यांच्या कंपनीने १९८१ मध्ये कॅप्लान ही व्हायोलिनच्या तारांची कंपनी घेतली, आणि आज आपल्या मुलांच्या भाड्याच्या व्हायोलिनवर त्यांची 'प्रिल्यूड' ही पोलादी तार फार वेळा दिसते. व्हायोलिनला सिंथेटिक गाभा यशस्वीपणे मिळाला तो व्हिएन्नात. तिथल्या थोमास्टिक-इन्फेल्ड कंपनीने १९७० मध्ये 'डॉमिनंट' नावाची तार काढली. तिचा गाभा पर्लॉनच्या, म्हणजे नायलॉनच्याच एका भावंडाच्या, अनेक तंतूंचा, आणि वर धातूचे गुंडाळण. आवाजात तांतीची ऊब, पण पावसाळी हवेत न रुसणारी. पन्नासहून अधिक वर्षे झाली तरी नव्या तारा अजून तिच्याशीच ताडून पाहतात.

इथवर सगळे जी-डी-ए-ई या पाश्चात्त्य सुरावटीचे झाले. आपल्या घरांत मात्र दुसरे एक व्हायोलिन असते, गजाननबुवा जोशींचे (१९११-१९८७), विष्णु गोविंद जोगांचे (१९२२-२००४), डी. के. दातारांचे. आणि सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाला साथ करणाऱ्या प्रभाकर जोगांचे, ज्यांच्या वाद्याला लोक 'गाणारे व्हायोलिन' म्हणत. ते २०२१ मध्ये गेले. या मंडळींनी परदेशी वाद्याची एकही फळी न बदलता त्याला गायला लावले. बदलली फक्त सुरावट. पाश्चात्त्य पद्धतीत लागोपाठच्या दोन तारांत नेहमी षड्ज-पंचमाचे अंतर. आपल्याकडे चार तारा प-सा-प-सा किंवा सा-प-सा-प अशा लावतात.

आणि नेमकी इथेच आपल्या मुलांची पंचाईत होते. मंगळवारी शाळेत ऑर्केस्ट्रा, शनिवारी पुण्याच्या गुरुजींचा व्हिडिओवर वर्ग, व्हायोलिन एकच. समजा गुरुजींचा षड्ज काळी एक आहे आणि लावणी प-सा-प-सा. मग जी तार अर्धा स्वर चढवायची, डी आणि ए अर्धा अर्धा उतरवायच्या, आणि ई तर तब्बल दीड स्वर खाली आणायची. आपल्यातल्या इंजिनिअरांसाठी हिशेब सोपा आहे: तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ई तार सेकंदाला ६५९ कंपनांवरून ५५४ वर आणली की ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. तार ढिली पडते, गजाखाली लोळते, मींड घेताना सूर घसरतो. मूल म्हणते मला जमत नाही. जमत कसे नाही? तारच तिच्या कामाची नाही. उलट जी तारेवर सुमारे १२ टक्के ताण वाढतो.

यावर माझे मत असे. मूल हिंदुस्थानी संगीत मनापासून शिकत असेल तर त्यासाठी दुसरे साधे, जुने व्हायोलिन घ्यावे आणि ते कायम आपल्या सुरात ठेवावे. भाड्यात जाणारे पैसे पाहता हे वाटते तेवढे महाग नाही. त्यावर ई तार जाड घ्यावी. पाकिटावर 'फोर्टे' किंवा 'स्टार्क' लिहिलेले असते. जी चढवायची असेल तर ती हलकी घ्यावी. बाकी दोन मध्यम चालतात. आणि एकाच वाद्यावर दोन्ही करणे भाग असेल, तर महाग संच घालू नका. आठवड्यातून दोनदा चढ-उतार केल्याने कोणतीही तार लवकर मरते. गुंडाळलेल्या तारांवर मींडेचे बोट सतत सरकल्याने गुंडाळणही लवकर उसवते. ए तारेवर बहुधा ॲल्युमिनियम असते, आणि घामाने ते खाल्ले जाते.

केवळ शाळेत वाजवणाऱ्या लहान मुलाला पोलादी संच पुरतो. पूर्ण मापाच्या वाद्यावर आलेले, रोज तासभर बसणारे मूल असेल तर डॉमिनंटसारखी सिंथेटिक घ्या, फरक पहिल्याच दिवशी ऐकू येईल. तांतीच्या वाटेला शिक्षकाने सांगितल्याशिवाय जाऊ नये. आपल्या इथल्या हिवाळ्यात हीटिंगने घर कोरडे ठाक, उन्हाळ्यात घामट. तांतीला दोन्ही सोसत नाहीत.

बदलायची कधी? रोज वाजवणाऱ्याने सहा महिने ते वर्षभरात. गुंडाळण सुटले, तार काळवंडली, किंवा सूर लावूनही दोन तारा एकमेकींशी जुळेनात, तर त्याआधी. बदलताना चारही तारा एकदम काढू नका. तारांचा मिळून भार वीस किलोहून जास्त असतो आणि त्या दाबावरच घोडी उभी असते. दाब गेला की घोडी पडते, आणि पोटातली साउंडपोस्ट नावाची काडी निसटली तर वाद्य दुकानातच न्यावे लागते. एक काढा, तिच्या जागी नवी लावा, सुरात आणा, मग दुसरी. खुंट्यांजवळ तार ज्या खाचेतून जाते तिथे पेन्सिलीचे शिसे घासा, म्हणजे तार अडकत नाही. खुंटी घसरत असेल तर किंचित खडू लावा. दर वेळी बाजूने पाहून घोडी सरळ आहे ना ते तपासा. सूर चढवताना ती खुंट्यांकडे झुकते. विकत घेण्यापूर्वी वाद्याचे माप बघा, अर्ध्या व्हायोलिनला पूर्ण मापाची तार नीट लागत नाही. ई तारेच्या टोकाला गोळी असते किंवा फास. जुनी सोबत न्या आणि तशीच मागा.

नवी तार पहिले तीन-चार दिवस ताणली जाऊन उतरत राहते, सिंथेटिक असेल तर अधिकच. म्हणून शाळेच्या कॉन्सर्टच्या आदल्या रात्री तार बदलू नये. गणपतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही, कारण तेव्हा दुसरी शोधायला घरात कोणी मोकळे नसते.